सतरा नंबरचा चाकू

लोकांवर संशय घेण्याचा मी अठ्ठावीस वर्षं पगार घेतला. विमा कंपनीत दाव्यांची तपासणी हे माझं काम. गोदाम जळालं म्हणणाऱ्याच्या गोदामात आगीच्या आधी माल होता का, ट्रक उलटला म्हणणाऱ्याचा ट्रक उलटला की उलटवला, हे शोधून अहवाल लिहायचा. ही सवय चपलांसारखी दाराबाहेर काढून घरात येता येत नाही. दूधवाल्याने सलग दोन दिवस हसून नमस्कार केला तरी माझ्या मनात पाल चुकचुकते. माझी बायको माधुरी म्हणते, "तुम्ही देवळात गेलात तरी आधी देवाची कागदपत्रं बघाल." या सवयीने माझं स्वतःचं कधी काही बिघडलं नाही. उमरेडकर सरांचं मात्र बिघडलं, आणि त्याची भरपाई करून देता येईल असा कुठलाही दावा नसतो.

जयपूरला बदली झाली तेव्हा विद्याधर नगरात आम्हाला सतरा नंबरचं घर मिळालं. अठरा नंबरात डॉ. उमरेडकर. मूळचे नागपूरकडचे, एका मेडिकल कॉलेजात तीस वर्षं शरीररचनाशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी आणि नातू नागपुरात. तीस वर्षं राजस्थानात काढूनही बोलणं अस्सल नागपुरी. सामान उतरवत होतो तेव्हा मधल्या बुटक्या भिंतीपाशी ते पहिल्यांदा दिसले. उंच, किडकिडीत, जाड भिंगांचा चष्मा, जुन्या सोफ्याचं रेक्झिन कापून शिवलेला एप्रन, आणि डॉक्टरांच्या गळ्यात जिथे स्टेथोस्कोप असतो तिथे सुतळीला बांधलेलं स्पीकरमधलं गोल लोहचुंबक.

"मराठी न तुम्ही? बरं झालं आले," म्हणत त्यांनी भिंतीवरून हात पुढे केला. मी हात दिला तो त्यांनी सोडेचना. तळवा उलटा केला, अंगठ्याच्या बुडाशी दाबून पाहिलं, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत नजरेने मोजलं. "अंगठा कडक आहे तुमचा," म्हणाले आणि आत निघून गेले.

"प्रेमळ वाटतात," माधुरी म्हणाली.

मी म्हटलं, "हाताचं माप कशाला घेतलं?"

त्यानंतरच्या रविवारी सकाळी अठरा नंबरातून तळणाचा वास यायला लागला. चांगलं कडकडीत तापलेलं सरसोंचं तेल. शेजारी मराठी माणूस आहे, आपल्याला नवीन घर आहे, म्हणजे भज्यांची नाहीतर वड्यांची बशी भिंतीवरून येणार, असं आम्ही दोघांनीही न बोलता धरून चाललो होतो. बशी आली नाही. पुढच्या रविवारी पुन्हा वास, पुन्हा बशी नाही. एकटा माणूस दर रविवारी इतकं काय तळतो आणि कुणाला खाऊ घालतो, याची मी मनात नोंद केली.

मग नेलपॉलिशचं प्रकरण झालं. माधुरी बांगड्यांच्या दुकानात गेली होती, तिथे सर चार बाटल्या घेताना दिसले.

"सगळ्या एकाच रंगाच्या. गडद लाल," ती हसत म्हणाली. "नातीसाठी असतील."

"त्यांना नात नाही. नातू आहे."

"मग स्वतः लावत असतील. तुमचं काय जातं?"

माझं काही जात नव्हतं. पण एकटा राहणारा सत्तरीचा माणूस, हातांची मापं, तळलेलं तेल, लाल नेलपॉलिश, आणि शनिवारी मुरलीपुऱ्याच्या भंगारवाल्याकडून स्कूटरला बांधून येणारं गोणपाटातलं जड काहीतरी, एवढं एका कागदावर मांडलं तर कुठल्याही तपासनीसाची झोप उडेल. तिसऱ्या रविवारी पाण्याचा टँकर कधी येतो हे विचारायच्या निमित्ताने मी थेट त्यांच्या मागच्या अंगणात जाऊन उभा राहिलो.

तिथे चार विटांची भट्टी पेटली होती आणि तिला बायकांच्या केस वाळवण्याच्या यंत्राने वारा घातला जात होता. निखाऱ्यात लोखंडाची पट्टी लाल झालेली. सरांनी ती चिमट्याने उचलली, गळ्यातलं चुंबक तिच्याजवळ नेलं.

"पाहा. चिकटत नाही न? म्हणजे पोलाद तयार झालं," म्हणाले आणि पट्टी तेलाच्या डब्यात सरळ खाली घातली. भप्पकन धूर आला. तोच वास.

"लोकांना वाटते भजी आहेत," ते धुरातून म्हणाले. "वाट पाहतात, मग रागावतात. तुम्ही पण वाट पाहून राहिले होते काय?"

"छे, छे," मी म्हटलं.

तर सर चाकू करत होते. भंगारातल्या जीपच्या कमानींचे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांचे तुकडे आणायचे, तापवून ठोकायचे, घासायचे, तेलात विझवून टणक करायचे, मग छोट्या ओव्हनमध्ये दोन तास ठेवून त्यांचा ताठा थोडा कमी करायचा. नाहीतर पातं काचेसारखं तुटतं, असं ते म्हणाले. मूठ शिसवीची, प्रत्येकाच्या पंजाच्या मापाची. आमच्या गल्लीत बावीस घरं. प्रत्येक घराला भाजीचा एक चाकू द्यायचा त्यांचा बेत होता, आणि नऊ घरांना देऊनही झाले होते.

"कशासाठी?" मी विचारलं. फुकट मिळणाऱ्या वस्तूवर माझा कधीच विश्वास बसलेला नाही.

"तीस वर्षं पोरांना मेलेल्या माणसावर चाकू चालवायला शिकवला. आता जिवंत माणसाच्या भाजीवर चालू दे न."

त्यांनी एक तयार चाकू मला दाखवायला आणला. मी हात पुढे केला, तर त्यांनी तो हातात दिला नाही. बाजूच्या ओट्यावर ठेवला, दोन पावलं मागे सरकले, आणि मी उचलायची वाट पाहत हात पाठीमागे बांधून उभे राहिले. देताना मूठ फडक्याने पुसलेली होती. मी चाकू उचलला आणि उचलता उचलताच लक्षात आलं की आता त्या मुठीवर ठसे असतील तर फक्त माझे.

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा माधुरीने कपाळावर हात मारला. "अहो, चाकू, कात्री हातात देत नाहीत. भांडण होतं म्हणून खाली ठेवायची. तुमच्या आई पण तेच करायच्या. ठसे कसले डोंबलाचे!"

आई तसं करायची हे खरं. पण शेकडो प्रेतं फाडलेला शरीररचनाशास्त्राचा प्राध्यापक भांडण होईल म्हणून चाकू खाली ठेवतो, हे मला ठशांपेक्षाही संशयास्पद वाटलं. पुढे एकदा मी त्यांना विचारलंच.

"सर, तुम्ही विज्ञानातले. यावर विश्वास आहे तुमचा?"

"विश्वास नाही," ते म्हणाले. "पण एकदा बायकोच्या हातात दिला होता. तीन दिवस बोलली नाही माझ्याशी. चाकूमुळे नाही, मीच काहीतरी वाकडं बोललो होतो. पण तेव्हापासून खाली ठेवतो. ठेवायला काय जाते?"

खरी भानगड पुढे होती. चाकू तयार झाला की त्याच्या पात्यावर घेणाऱ्याची खूण कोरायची अशी त्यांची पद्धत. यासाठी ते प्रत्येक घरी कागद घेऊन जायचे आणि सांगायचे, "यावर तुमची सही करा, नाहीतर काहीही काढा. पण हात न उचलता." ती खूण ते पात्यावर उतरवायचे. पात्याला नेलपॉलिशचा थर द्यायचा, तो वाळला की सुईने त्यात रेघ ओढायची, म्हणजे तेवढंच पोलाद उघडं पडतं. मग मिठाच्या पाण्यात बुडवलेला कापसाचा बोळा एका बॅटरीच्या तारेला लावायचा, दुसरी तार पात्याला, आणि बोळा त्या रेघेवर हळूहळू टेकवत जायचं. चुरचुर आवाज होतो, तांबूस फेस येतो, आणि पोलाद तेवढ्या रेघेपुरतं खाल्लं जातं. पॉलिश पुसलं की खूण कायमची.

नेलपॉलिशचा उलगडा झाला. पण बावीस घरांच्या सह्या? सही म्हणजे काय चीज असते हे माझ्या खात्यातल्या माणसाला विचारा. मेलेल्या बाईचा अंगठा कागदावर उमटलेला मी पाहिलाय. आमच्याकडे भांडी घासायला येणारी कमला सरांकडेही काम करायची. तिला लिहिता येत नाही. तिने कागदावर आपल्या मनगटावर गोंदलेली खूण काढली, एक रेघ आणि तिच्यावर तीन टिंबं. चाकू मिळाला त्या दिवशी ती तो पदरात गुंडाळून आम्हाला दाखवायला आली.

"देखो साब, यो म्हारो छै. म्हारी निसानी छै ई पे." घरात इतकी वर्षं स्वयंपाक केला, पण आपलं नाव असलेली ही पहिलीच वस्तू, असं काहीसं ती माधुरीला सांगत होती. बोलताना तिचे डोळे भरून आले होते. मी मात्र विचार करत होतो की तो कागद डॉक्टरांनी परत दिला की ठेवून घेतला.

सर माझ्याकडे तीनदा आले. तिन्ही वेळा मी खूण दिली नाही. माझ्या दोन सह्या आहेत. कुरिअर, गॅसचं सिलिंडर, कॉलनीचं रजिस्टर, असल्यांसाठी छोटी, नुसता ज आणि एक रेघ. दुसरी पूर्ण. सबंध जोगळेकर, शिरोरेघ दोनदा ओढलेली, आणि शेवटच्या र ची शेपटी मागे वळवून थेट ज च्या खाली आणलेली. ही सही मी अहवालावरच करतो, शेजारीपाजारी ती कुणी पाहिलेली नाही. सरांना मी म्हटलं, "नुसताच द्या हो चाकू, खूण कशाला?"

"खुणेशिवाय नाही देत," ते म्हणाले. "मग तो कुणाचाही होतो."

त्या तिसऱ्या वेळी मला दिसलं की कागद धरलेला त्यांचा उजवा हात कापतोय. मी रोखून पाहिलं तसा त्यांनी तो पाठीमागे नेला. खोटं बोलणाऱ्याचा हात कापतो आणि मग तो हात लपवतो, हा माझा अठ्ठावीस वर्षांचा अनुभव.

त्याच आठवड्यात मी वर्तमानपत्र परत करायला गेलो. सर भट्टीपाशी होते, आत टेबलावर त्यांची वही उघडी पडलेली. मी ती वाचली. वाचायला नको होती, पण मी आयुष्यभर लोकांच्या उघड्या वह्या वाचत आलोय. एकेक घर, नाव, पंजाचं माप, डावा की उजवा. चाकू देऊन झालेल्यांपुढे बरोबरच्या खुणा. आणि सगळ्यात खाली: "१७. जोगळेकर. उजवा. अंगठा कडक. खूण देत नाही. सगळ्यांत शेवटी."

सगळ्यांत शेवटी म्हणजे काय?

आज लिहिताना हसू येतं आणि लाजही वाटते. खूण दिली नाही म्हणून या माणसाचा चाकू रांगेत शेवटी, एवढाच त्याचा अर्थ होता, आणि तो पाचवीतल्या पोरानेही लावला असता. मी घरी आलो आणि माधुरीला न सांगता दीड पानाची तक्रार लिहिली. रहिवासी भागात धारदार शस्त्रांचं उत्पादन, रसायनांचा वापर, नागरिकांच्या सह्या आणि शारीरिक मापं गोळा करणे. भाषा माझ्या अहवालांचीच, फक्त हिंदीत. निनावी तक्रार कचऱ्यात जाते हे मला ठाऊक होतं. म्हणून खाली पूर्ण सही केली, शिरोरेघ दोनदा ओढून, आणि वर लिहिलं की तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवावं.

चौथ्या दिवशी सकाळी पोलीस आले. मी पडद्याआडून पाहत होतो. सरांनी त्यांना खुर्च्या दिल्या, चहा केला. कपबश्या पोलिसांपैकीच एकाने बाहेर आणल्या, तेव्हा मला त्याचं कारण कळलं नाही. एक हवालदार पात्यांना फुटपट्टी लावत होता.

"डॉक्साब, ये तो सारे सब्जी काटने के हैं," तो जरा ओशाळून म्हणाला.

"हाँ भैया. इससे लंबा मैं बनाता ही नहीं," सर म्हणाले आणि भिंतीवर टांगलेलं एक लाकडी माप काढून दाखवलं. त्याच्याबाहेर पातं जाता कामा नये असा त्यांचा नियम. नऊ इंचांहून लांब पात्याला परवाना लागतो, हा कायदा त्यांनी माझ्याआधी वाचला होता.

पण सही केलेली तक्रार म्हटल्यावर कारवाई दाखवणं भाग होतं. पाती, कानशी, बॅटरी, वही, सगळं चौकशीसाठी एका पोत्यात गेलं. जप्तीच्या कागदांचा गठ्ठा सरांपुढे ठेवला. ते एकेक पान चष्म्याजवळ नेऊन सावकाश वाचत होते. एका पानावर बराच वेळ थांबले. मग त्यांनी मान वर करून आमच्या खिडकीकडे पाहिलं की भिंतीकडे, ते मला सांगता येत नाही. मी पडदा सोडला.

त्या रविवारी वास आला नाही. कमलाने आमच्याकडची भांडी इतकी आदळली की एक पातेलं चेपलं. "कुणी केलं असं? त्याचे हात झडोत," असं ती तिच्या भाषेत दिवसभर म्हणत होती. माधुरी तिला हो ला हो करत होती, आणि मी पेपरात डोकं घालून बसलो होतो.

दोन आठवड्यांनी माधुरी भाजीच्या गाडीवरून आली ती पिशवी खाली न ठेवताच बोलायला लागली.

"सरांना पार्किन्सन आहे. त्यांनी स्वतः सांगितलं. हात वर्षभर जेमतेम साथ देईल, असं त्यांच्याच विद्यार्थ्याने त्यांना सांगितलंय. त्याआधी गल्लीतली बावीस घरं पुरी करायची होती म्हणे. सोळा झाली. आता सामानच नाही आणि हात रोज थोडा थोडा जातोय." मग ती माझ्याकडे बघत राहिली. बायकोला आपल्या तोंडावरून सगळं वाचता येतं. "तुम्ही?" एवढंच तिने विचारलं. मी मान डोलावली. त्यानंतर तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, आणि आमच्यात तर कुणी कुणाच्या हातात चाकूही दिला नव्हता.

मी पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार मागे घ्यायचा प्रयत्न केला. गैरसमज झाला असं लिहून दिलं. कागद देणं सोपं असतं, मागे घेणं नाही, हे मी लोकांना नेहमी ऐकवायचो. पोतं परत यायला चार महिने लागले. या चार महिन्यांत मी सरांना रोज भिंतीवरून पाहायचो. तुळशीला पाणी घालताना तांब्या दोन्ही हातांत धरलेला. मी "कसे आहात सर" म्हणायचो, ते "मजेत" म्हणायचे. मी सांगून टाकीन असं रोज सकाळी ठरवायचो आणि रोज टँकरबद्दल बोलून आत यायचो. एखाद्या लबाड दावेदारासारखा मी त्यांचा चेहरा तपासत होतो, यांना माहीत आहे की नाही. त्यांच्या वागण्यात तसूभर फरक नव्हता, आणि नेमका त्याचाच मला संशय यायचा.

सामान परत आलं तेव्हा थंडी सुरू झाली होती. एकाच रविवारी तेलाचा वास आला. नंतर बरेच दिवस दुपारी अठरा नंबरातून फक्त बारीक चुरचुर ऐकू यायची. थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. मग कळलं की मुलगी त्यांना नागपूरला घेऊन चाललीय, घर द्यायचं ठरलंय. उरलेल्या सहा घरांपैकी पाच तशीच राहिली.

निघायच्या सकाळी गल्ली त्यांच्या दारात जमली होती. कमला रडत होती. मुलगी सामान मोजत होती. सर गाडीत बसायच्या आधी भिंतीपाशी आले, खाकी कागदात गुंडाळलेलं काहीतरी भिंतीवर ठेवलं, दोन पावलं मागे सरकले आणि हात पाठीमागे बांधून उभे राहिले.

"तुमचा राहिला होता," म्हणाले.

मी कागद सोडला. मूठ माझ्या पंजात अशी बसली की अंगठा आपोआप जागेवर गेला. पात्यावर माझी सही होती. छोटी नव्हे, पूर्ण. शिरोरेघ दोनदा ओढलेली, र ची शेपटी मागे वळून ज च्या खाली आलेली. रेघ सगळीकडे थरथरलेली. कडेला नेलपॉलिश पुसून पुन्हा लावल्याच्या, चुकून खाल्ल्या गेलेल्या पुसट रेघाही होत्या. किती दुपारी गेल्या असतील यात!

मला मान वर करवेना.

"बरोबर उतरली न?" सरांनी विचारलं. "तुम्ही खूण देत नव्हते. मग एकच कागद होता, त्याच्यावरून पाठ केली."

"सर, मी... माझ्यामुळे तुमचे चार महिने..."

"भांडण नको न आता," ते म्हणाले. "म्हणून तर खाली ठेवला."

आणि ते वळले. गाडीत बसल्यावर सीटबेल्टचं टोक त्यांना खाचेत घालता येईना. दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा हात मांडीवर ठेवून दिले. मग मुलीने वाकून पट्टा लावून दिला, आणि गाडी सीकर रोडच्या दिशेने वळली.